साडेनऊचा शिक्का

मित्रांनो, मंडळाच्या कचेरीत लेखनिकांच्या टेबलाला दोन खण आहेत. डाव्या खणात टाचण्यांची डबी, सुतळीचे एक बंडल आणि शाईची गादी असते. त्यांच्या शेजारी जो लाकडी मुठीचा जुना शिक्का आडवा पडलेला असतो, तो मी.

माझ्या रबरावर दोन शब्द आहेत : सर्वानुमते मंजूर. ते उलटे कोरलेले असल्यामुळे मला स्वतःला नीट वाचता येत नाहीत. कागदावर उमटले की वाचतो.

माझे सारे आयुष्य सभांमध्ये गेले. गोष्ट सांगायची दुसरी रीत मला ठाऊक नाही. म्हणून विषयपत्रिकेप्रमाणे सांगतो.

विषय क्र. १ : जन्म

कचेरीमागच्या गल्लीत एक कातारी होता. भोवरे, खुर्च्यांचे पाय आणि शिक्क्यांच्या मुठी तो एकाच ओंडक्यातून काढायचा. माझे लाकूड त्याने भोवऱ्यासाठी घेतले होते. मधेच मंडळाचा शिपाई मागणी घेऊन आला आणि माझे टोक कापून सपाट करण्यात आले. गरगर फिरायचे राहून गेले.

रबर शेजारच्या छापखान्यात चिकटवले. पहिला ठसा छापखानावाल्याच्या बायकोने जुन्या वर्तमानपत्रावर उमटवून पाहिला.

"छान आलाय," ती म्हणाली. "'नामंजूर'चा पण एक करून देऊ का?"

"तो नाही लागत," शिपाई म्हणाला.

विषय क्र. २ : काम

टेकड्या आणि शेते यांच्या मधल्या साठेक गावांचा कारभार सात जणांचे एक मंडळ पाहते. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी अकरा वाजता त्यांची सभा भरते. कुठल्या रस्त्यावर खडी टाकायची, स्मशानाच्या कुंपणाला रंग कधी द्यायचा, गुरांच्या दवाखान्याचे छप्पर, पाणी समितीवर कोणाची तरी नेमणूक. एकाने ठराव मांडायचा, दुसऱ्याने अनुमोदन द्यायचे, बाकीच्यांनी मान डोलवायची.

अनुमोदन देण्याचे काम पिठाची गिरणी चालवणाऱ्या सभासदांनी आपणहून अंगावर घेतले होते. त्यांना सगळे काका म्हणत. ठरावाचे वाक्य पुरे होण्याआधी काकांचे "माझं अनुमोदन" येऊन पडलेले असे. एकदा अध्यक्ष नुसते "जरा तो पंखा..." असे म्हणाले, तर काकांनी त्यालाही अनुमोदन दिले. पंखा चालू झाला.

टेबलाच्या टोकाला लेखनिक बाई बसत. चष्मा दोरीला, पेन्सिल केसांत खोचलेली. सभेत काय झाले त्याची लेखी हकिकत, म्हणजे इतिवृत्त, त्या लिहीत. प्रत्येक विषयाला एक पान. पानाखाली मी.

विषय क्र. ३ : कौतुक

या विषयावर चर्चा झाली नाही.

विषय क्र. ४ : सोय

पहिली सात वर्षे बाई सभा संपल्यावर इतिवृत्त लिहीत आणि संध्याकाळी उशिरा घरी जात. मग एका सभेच्या दिवशी त्यांच्या मुलीला ताप होता. दुपारीच निघायला हवे होते. म्हणून त्यांनी सकाळी कचेरीत येऊन विषयपत्रिकेवरून सगळी पाने आधीच लिहून ठेवली, आणि साडेनऊ वाजता मला प्रत्येक पानावर दाबले. म्हटले, काही बदल झालाच तर ते पान फाडू.

सभेने एक अक्षर बदलले नाही.

पुढच्या महिन्यात मुलगी ठणठणीत होती, पण पाने तरीही सकाळीच तयार झाली. त्याच्या पुढच्या महिन्यातही. एक वाजता शिपाईमामा गठ्ठा उचलून टपालाच्या गाडीत टाकत. प्रत्येक पान आपापल्या विभागाला जाई आणि काम सुरू होई. यात बाईंना लबाडी वाटत नव्हती. मलाही नाही. कोणी काही विचारत नसेल तर उत्तर आधी लिहिले काय आणि नंतर लिहिले काय, असे आम्हा दोघांना वाटत असे.

अशी एकोणीस वर्षे गेली. बाईंची नोकरी सव्वीस वर्षांची झाली. निवृत्तीला तीन महिने राहिले.

विषय क्र. ५ : रस्ता क्रमांक एक्केचाळीस

त्या मंगळवारी तेरा विषय होते. नववा असा : रस्ता क्रमांक एक्केचाळीस मंडळाच्या यादीतून वगळणे. हा रस्ता टेकडीवरच्या चार घरांकडे जातो. घरे थोडी आणि खडी फार, असे बांधकाम विभागाचे म्हणणे होते. साडेनऊला बाईंनी तेराही पाने उरकली. नवव्या पानावर माझा ठसा विशेष चांगला उमटला, हे मी मुद्दाम नोंदवतो.

विषय निघाला तेव्हा मागच्या बाकावरून एक माणूस उठला. तो वरच्या चार घरांपैकी एकात राहतो आणि मधमाश्या पाळतो. सगळे त्याला मधवाले म्हणतात. सभेत कोणालाही तीन मिनिटे बोलता येते, पण सहसा कोणी बोलत नाही.

"मला फारसं बोलता येत नाही," तो म्हणाला. "माश्या काही उलट विचारत नाहीत ना, त्यामुळे सवय गेली."

सभासद हसले.

"माझी आई माझ्याजवळ असते. आठवड्यातून दोनदा तिला रक्त शुद्ध करायला दवाखान्यात न्यावं लागतं. मंडळाची रुग्णवाहिका येते दाराशी. ड्रायव्हर म्हणतो, रस्ता यादीतून गेला की गाडी येणार नाही. तुमचाच नियम आहे म्हणे. खरं का?"

अध्यक्षांनी बाईंकडे पाहिले. बाईंनी मान हलवली. खरे होते.

"मग तेवढं बघा," असे म्हणून तो बसला. तीनपैकी एकच मिनिट झाले होते.

"माझं अनुमोदन," काका म्हणाले.

"अहो काका, कशाला? त्यांना की त्यांच्या विरोधात?" एक सभासद पशुवैद्य आहेत, ते म्हणाले. "हे बघा, मी स्वतः वर जाऊन रस्ता बघून येतो. तोवर विषय तहकूब ठेवा."

"तहकूब," अध्यक्ष म्हणाले. कोणाची हरकत नव्हती. बाईंनी कच्च्या वहीत लिहिले : ९, तहकूब. मधवाले मान लववून निघून गेले.

नववे पान गठ्ठ्यातून काढायला हवे होते. पण पुढचा विषय कुंपणाचा होता. कोणी तरी मागच्या वर्षीची फाईल मागितली. बाई कपाटाशी गेल्या. फाईल सापडेना. "टपाल निघालंय हं बाई," असे म्हणून शिपाईमामांनी गठ्ठा उचलला.

बाई विसरल्या. याहून मोठे कारण मला सांगता येत नाही.

विषय क्र. ६ : खिडकी

तीन आठवड्यांनी मधवाले कचेरीच्या खिडकीशी आले.

"बाई, वर पाटी लावलीय. 'हा रस्ता मंडळाचा नाही.'"

"शक्यच नाही. तो विषय तहकूब आहे."

"ते त्या पाटीला सांगा." मग त्यांनी घडले ते सांगितले. रुग्णवाहिका पाटीपाशी थांबली होती. त्यांनी आणि शेजाऱ्याने आईला खुर्चीत बसवून चढणीवरून खाली उतरवले. "मी पुढे, तो मागे. आई वरनं ओरडतेय, 'हळू रे! पोळं तरी जपून धरतोस!' आज हसली. परवा पुन्हा न्यायचंय. पाऊस पडला तर त्या उतारावर आमचाच पाय टिकत नाही."

बाईंनी फाईल उघडली. नववे पान काढले. चष्मा पुसला, पुन्हा घातला. माझा ठसा तिथेच होता.

"बघते मी," त्या म्हणाल्या.

"तुम्ही तर तिथेच बसला होतात, बाई," मधवाले म्हणाले. आवाज चढवला नव्हता.

बाई तशाच मुख्य अधिकाऱ्यांच्या खोलीत गेल्या. एका हातात फाईल होती, दुसऱ्या हाताच्या मुठीत मी. मी मुठीत आहे हे त्यांच्या ध्यानात नसावे. साहेबांनी पान पाहिले आणि दार लावून घेतले.

"मंगळवारी हे इतिवृत्त कायम होईल," ते म्हणाले. "एकदा कायम झालं की विषय मिटला."

"आणि रस्ता?"

"नवा रस्ता म्हणून अर्ज करू दे त्यांना."

"नव्याला वीस फूट रुंदी लागते, साहेब. तो बारा फुटांचा आहे. एकदा गेला की परत येत नाही."

साहेबांनी फाईल मिटली. "अहो बाई, दोन महिने राहिलेत तुमचे. सव्वीस वर्षांत एक शेरा नाही नावावर. दुरुस्ती मांडायची तर चूक कोणाची ते लिहावं लागेल. निरोपाच्या दिवशीचा केकपण सांगून ठेवलाय मी."

"लिहावं लागेल, हो," बाई म्हणाल्या.

बाहेर येऊन त्यांनी मूठ उघडली. तळहातावर माझा अर्धा ठसा उमटला होता. त्यांनी तो साबणाने दोनदा धुतला.

इथे माझे क्रमांक संपतात, मित्रांनो. पुढचे काही विषयपत्रिकेवर नव्हते.

मंगळवारी सकाळी साडेनऊ वाजले. बाईंनी मला टेबलावर ठेवले, पण शाईची गादी काढली नाही. पाने कोरीच राहिली. मी वाट पाहत होतो. वाट पाहण्याची मला सवय नव्हती.

अकरा वाजता सभा भरली. मधवाले मागच्या बाकावर येऊन बसले. पहिला विषय नेहमीचा : मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. यातला 'वाचून' हा शब्द नुसता छापलेला असतो. अध्यक्ष "कायम?" म्हणतात, सगळे "कायम" म्हणतात, तेवढ्यात चहा येतो. आणि एकदा कायम झालेल्या इतिवृत्ताला पुढे कोणालाही हात लावता येत नाही.

"कायम?" अध्यक्ष म्हणाले.

बाई उठून उभ्या राहिल्या. लेखनिकाने सभेत न विचारता बोलायचे नसते. सव्वीस वर्षांत त्या बोलल्या नव्हत्या.

"वाचून कायम करायचं आहे," त्या म्हणाल्या. "वाचते मी."

"वाचलं असं समजा की, बाई," वकील असलेले सभासद म्हणाले. "चहा निवेल."

"नको समजायला."

त्यांनी पहिल्या पानापासून सुरुवात केली. आवाज आधी कापत होता, तिसऱ्या पानाशी थांबला. कापायचा थांबला, वाचायचा नाही. आठ पाने झाली. मग नववे. "रस्ता क्रमांक एक्केचाळीस यादीतून वगळण्याचा ठराव सर्वानुमते मंजूर."

"अहो, तो तर तहकूब होता!" पशुवैद्य म्हणाले.

"होता. हे पान मी सकाळी साडेनऊला लिहिलं. शिक्काही तेव्हाच मारला. सभा अकराला होती. पान काढायचं मी विसरले आणि ते टपालात गेलं. तिकडे पाटी लागलीय. यांच्या आईला खुर्चीत बसवून उतरवावं लागतंय."

अध्यक्षांनी त्यांना सुटायची वाट काढून दिली. "त्या दिवशी घाईत होतात तुम्ही. होतं असं."

"नाही, अध्यक्षसाहेब. दर महिन्याला असंच करते."

"दर महिन्याला?"

"एकोणीस वर्षं."

चहा आला होता. कोणी कप उचलला नाही. वकिलांनी आवाज खाली आणला. "बाई, हे सगळं इतिवृत्तात घेऊ नका."

बाई एव्हाना खाली बसल्या होत्या आणि लिहीत होत्या. "घेतलंय," त्या म्हणाल्या.

"काय घेतलंय?"

"तुमचं आत्ताचं वाक्यसुद्धा."

मग अध्यक्ष पशुवैद्यांकडे वळले. "तुम्ही रस्ता बघून येणार होतात. कसा आहे?"

पशुवैद्य कपाकडे बघत राहिले. "गेलोच नाही मी," ते म्हणाले. "एक गाय अडली होती. मग दुसरी. मग राहूनच गेलं."

"म्हणजे बाईंनी न बघता लिहिलं," अध्यक्ष म्हणाले, "आणि आपण न बघता..." त्यांनी वाक्य सोडून दिले आणि खुर्ची मागे सरकवली. "चला."

"सगळे?" काकांनी विचारले.

"सगळे."

सात सभासद आणि बाई दोन गाड्यांत बसून गेले. वाट दाखवायला मधवाले पुढे होते. मी रिकाम्या खोलीत टेबलावर राहिलो, त्यामुळे वर त्यांनी काय पाहिले ते मला सांगता येणार नाही. साडेतीनला परत आले तेव्हा सगळ्यांचे बूट चिखलाने भरलेले होते आणि वकिलांचा एक कान लालबुंद सुजला होता. त्याबद्दल कोणी काही बोलत नव्हते, आणि न बोलणे त्यांना जड जात होते.

बाईंनी जुन्या नवव्या पानावरचा माझा ठसा एका रेघेने खोडला आणि समासात सही केली. नव्या पानावर सात जणांचे म्हणणे सात ओळींत हाताने लिहिले. सहा जण म्हणाले, रस्ता यादीत ठेवावा. वकील म्हणाले, वगळावा. कान सुजला म्हणून नव्हे, चार घरांसाठी एवढी खडी परवडत नाही म्हणून, असेही त्यांनी लिहून घ्यायला लावले. बाईंनी शब्दन् शब्द लिहिला. त्या पानावर माझा काही उपयोग नव्हता.

पाटी दुसऱ्या दिवशी निघाली. बाईंच्या नावावर शेरा पडला. दीड ओळीचा आहे. केक झाला. त्यावर काकांनी भाषणही केले. एकोणीस वर्षांची पाने तपासायला तिघांची समिती नेमली आहे. ती अजून तपासते आहे.

माझी मूठ आता एका बाजूने झिजली आहे. नवे लेखनिक मला दुपारी उचलतात, सभा संपल्यावर, आणि तेही काही पानांपुरतेच. मला तक्रार नाही.

मित्रांनो, माझे रबर महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसा. मला उन्हात ठेवू नका, अक्षरांना तडे जातात. एवढी निगा मला पुरते. त्यापलीकडचे मागणे माझ्यासाठी नाही. मी लाकूड आणि रबर आहे. जिथे दाबाल तिथे तेच दोन शब्द उमटतील, मग ते घडलेले असोत वा नसोत. ठसा उमटवताना माझे तोंड कागदाकडे असते. त्या वेळी मागच्या बाकावरून कोणी उठून उभे राहिले तर मला दिसणार नाही. तुम्हाला दिसेल.