थम डाव्या पायावर

सावधान.

आम्ही म्हणजे पथक. आम्हाला नावं आहेत, पण रांगेत ती चालत नाहीत. रांगेत आम्हा सगळ्यांचा मिळून एकच कान, आणि तो आज भोंग्याच्या ताब्यात.

भोंगा आमची नायक. मैदानाच्या या टोकाला ती ओरडली की त्या टोकाचे कावळे उडायचे, म्हणून भोंगा. आज छात्रसेनेच्या शिबिराची शेवटची परीक्षा: पथक चालवून दाखवायचं. जी सरस ठरेल ती नेतृत्वाच्या अभ्यासक्रमाला जाणार. जागा एक. पुढच्या वर्षी भोंग्याचं वय बसत नाही. आज नाही तर कधीच नाही.

आणि भोंग्याचा आवाज बसलाय. आमचीच कृपा. काल दिवसभर आमचे पाय जुळेनात आणि ती ओरडत राहिली.

"भोंग्याची बॅटरी उतरली वाटतं," रांगेच्या उजव्या टोकावरून कात्री म्हणाली. कात्री तिची मावसबहीण, तिच्याहून लहान. नाव जिभेवरून पडलेलं. तिची परीक्षा मघाशीच झाली, काही खोट निघाली नाही.

"गप गं, भवाने." भोंगा कुजबुजली. तेवढंच शिल्लक होतं.

कवायत घेणाऱ्या उस्तादांनी नियम सांगितले. "रांगेतून जी बोलेल ती बाद. जी आपलं पथक दुसरीच्या हाती देईल, तिचीही परीक्षा तिथेच संपली. आणि नायक 'थम' म्हणेपर्यंत पाय थांबायचा नाही. समोर भिंत आली तर भिंतीनं बाजूला व्हावं."

परीक्षा घेणाऱ्या मॅडम छत्रीखाली पेनाचं टोपण काढून बसल्या होत्या.

चल.

डावा. उजवा. डावा. 'चल' हा आदेश कसाबसा निघाला, फाटक्या पत्र्यासारखा. उजवा. समोर मैदान संपतं तिथे अडथळ्यांच्या शर्यतीचा खड्डा आहे, आत मांडीभर चिखल. डावा. लांब आहे अजून. उजवा. तेवढा लांब नाही.

"थम" डावा पाय टेकतानाच यावं लागतं. उजव्यावर आलं तर निम्म्या थांबतात आणि निम्म्या विचारात पडतात. म्हणून आम्ही डाव्याची वाट बघतो. डावा. नाही आलं. उजवा. डावा,

"थ"

पुढे नुसती हवा. उजवा. तिनं परत तोंड उघडलं, मानेच्या शिरा फुगल्या. हवा. डावा. खड्ड्यातला बेडूक दिसायला लागला. तोही आमच्याकडे बघतोय. उजवा. आम्ही कुणाच्या बापाला न घाबरणाऱ्या पोरी, पण पाय आमचे नाहीत आता.

भोंगा धावत कात्रीच्या खांद्याशी आली. डावा.

"तू दे."

कात्रीची नजर सरळ. उजवा. तिला सगळं कळतंय. बोलली तर बाद. नाही बोलली तर आम्ही सगळ्या चिखलात, आणि जागा तिची. डावा. ओठ मिटलेले. बेडकानं उडी मारली. उज

"थम!"

वा.

आम्ही फुटलो. निम्म्या थांबल्या, निम्म्या त्यांच्या पाठीवर. सगळ्यात पुढची पोरगी, गोटी, सरळ खड्ड्यात.

"गोटे! आहेस का?"

"आहे! बूट नाहीये!"

मॅडम आल्या तशी आम्ही परत रांग लावली. त्या पहिल्यांदा भोंग्याकडे वळल्या. "घसा बसणं हा काही गुन्हा नाही. बरा झाला की परत परीक्षा घेता येईल. पण रांगेतून बोललं कोण?"

"मी," कात्री म्हणाली.

"नियम माहीत होता?"

"हो, मॅडम."

"कुणी सांगितलं, की आपणहून?"

कात्रीनं मान खाली घातली. ती जीभ जागच्या जागी बसलेली आम्ही पहिल्यांदा पाहिली.

भोंग्यानं फक्त उभं राहायचं होतं. आवाज नव्हताच तिला. न बोलण्याबद्दल कोण दोष देणार होतं? मॅडमनी पेन कागदावर टेकवलं, कात्रीच्या नावाशी. आम्हाला दोघी हव्या होत्या. जागा एक होती.

भोंगा एक पाऊल पुढे आली. छातीवर हात आपटला.

"आदेश माझा." एकेक अक्षर विहिरीतून ओढून काढावं तसं. "तिनं पाळला."

"म्हणजे पथक तू तिच्या हाती दिलंस."

"हो."

"मग परत परीक्षा नाही. कळतंय ना काय बोलतेस?"

या वेळी ओठच हलले.

मॅडमनी एक रेघ मारली. कात्रीच्या नावावर नव्हे.

विश्राम.

म्हणजे जेवणाची ताटं घासून झाल्यावर.

"ताई, मी नाही जात," कात्री म्हणाली. "तुझ्या तोंडचा घास आहे तो."

भोंग्यानं तिला मागच्या अंगणात ढकललं, मग आम्हालाही. गोटीच्या एकाच पायात बूट. भोंगा पायरीवर बसली, मांडीवर ताट उपडं घातलं, हातात चमचा.

"उजव्यावर थम देणारी तिकडे जाऊन माझी अब्रू घालवणार?" तिच्या कुजबुजीला आम्ही कान लावले. "डाव्यावर, गाढवे. मी वाजवीन तेव्हा."

डावा. टण्. उजवा. डावा. टण्. कात्रीचा आवाज पहिल्यांदा रडका निघाला, आम्ही पुन्हा एकमेकींवर आदळलो. मग परत. मग परत.

"थम!"

टण् आणि थम एकदम. सगळे बूट एकदम थांबले, गोटीचा अनवाणी पायसुद्धा.

भोंग्यानं मान हलवली. चमचा वर धरला.

पुन्हा.