भुसकट निवू द्या

सोसायटीचं यंत्र मच्छिंद्र मिस्त्रीच्या वावरात येऊन उभं राहिलं तेव्हा अख्खा गाव बघायला लोटला होता. ते सुरू होऊन महिना उलटला नाही तोच गाव त्याच यंत्राकडं डोळे बारीक करून बघायला लागला.

यंत्र काही साधंसुधं नव्हतं. उभ्या पिकातून चालत जायचं आणि कापणी-मळणी एका दमात उरकायची, असलं ते विलायती काम. सरकारी फार्मावर वीस वर्षं राबून थकलं, लिलावात निघालं आणि सोसायटीनं उचललं. रंग म्हणाल तर लाल. म्हणजे जिथं उरला होता तिथं लाल. पण जळकोटच्या बाजूला ज्वारी उभी कापायला देतंय कोण? यंत्रातून कडब्याचा पार चुरा होतो, आणि बहात्तरच्या दुष्काळात ज्यानं दावणीची जनावरं चाऱ्यावाचून सोडून दिली, तो माणूस कडब्याची एक पेंढीसुद्धा वाया जाऊ देत नाही. मग गावानं तोड काढली. बायकांनी कणसं खुडायची, गाडीतून आणायची आणि जागच्या जागी उभ्या यंत्राच्या तोंडात घालायची. चालणारा हत्ती खुंट्याला बांधून त्याच्याकडून नुसतं जातं ओढून घ्यावं, तसलाच प्रकार!

हा हत्ती उठवला विशाखाच्या वडिलांनी, म्हणजे मच्छिंद्र मिस्त्रीनं. विशाखा त्यांना दादा म्हणायची. ती नववीत होती, रोज सायकलवरून जळकोटच्या शाळेत जायची आणि चढावर पोरांनाही मागं टाकायची. बौद्धवाड्यातली सायकलवर बसणारी ती पहिलीच पोरगी. दादांनी दोन महिने यंत्राखाली पाठ घासली होती. पंख्याची बिडाची पुली तडकलेली निघाली, तसली दुसरी सोलापुरातही मिळेना, तेव्हा दादांनी मोडीतल्या कडबाकुट्टीची पुली काढून बसवली. यंत्र धडधडलं. सोसायटीचे चेअरमन आण्णासाहेब यांनी दादांच्या गळ्यात हार घातला. त्या दिवशी विशाखाला आपला बाप गावाएवढा उंच वाटला होता.

आणि आता?

सुरुवात केली सारजाबाईनं. एकटी बाई, चार एकर रान, जीभ धारदार.

"मिस्त्री, माझ्या कणसांचा ढीग बघितलास का? बैलांच्या पायाखाली मळला असता तर सात पोती झाली असती. तुझ्या यंत्रातनं पाच पडली. दोन कुठं गेली?"

"दाणं बारीक हाईत औंदा, काकू."

"दाणं बारीक हाईत, का कुणाचं हात लांब हाईत?"

मग शेजारच्या सिद्रामप्पालाही आपली ज्वारी कमी वाटायला लागली. मग आणखी दोघांना. त्यात दादांचं एक वागणं लोकांच्या डोळ्यांत खुपू लागलं. मळणी झाली की यंत्रामागं भुसकटाचा ढीग पडायचा. लोक लगेच ते गाडीत भरायला बघायचे, तर दादा आडवे हात करायचे.

"आज नगं. भुसकट निवू द्या. गरम भुसकट जनावराला बाधतंय. उद्या न्या."

"आजवर कधी ऐकलं न्हाय बा आसलं," सिद्रामप्पा म्हणायचा. "आमच्या म्हशी काय चुलीत तोंड घालत्यात?"

पारावर तो याहून वाईट बोलला. विशाखा दळण घेऊन निघाली होती, तिच्या कानांवर पडावं अशाच बेतानं बोलला. "आदी ह्यांचे बाप खळ्यावरचं मातेरं मागून न्यायचे. मातेरं सोडलं, आता पोतीच न्यायला लागले."

मातेरं म्हणजे खळं झाडल्यावर उरलेले मातीतले दाणे. धर्म बदलला त्या सालापासून विशाखाच्या आज्यानं त्या दाण्यांकडं वळूनही बघितलं नव्हतं. तिच्या डोक्यात सणक गेली. घरी येऊन तिनं दळणाचा डबा असा आपटला की तिची माय, जाईबाई, दचकली.

"आण्णासाहेब सोमवारी पाच माणसं घेऊन झडती घ्यायला येणार हाईत," माय हळूच म्हणाली. "कायबाय घावलं तर यंत्र काढून घेतील."

"काय घावणार हाय? काय न्हायच तर!" विशाखा ताडकन म्हणाली.

मायनं तिच्याकडं न बघता डबा उचलून आत नेला. ते न बघणं विशाखाच्या काळजात काट्यासारखं रुतून बसलं.

शनिवारी सकाळची शाळा. बाराच्या ठोक्याला ती सायकलवर बसली आणि घरी न जाता सरळ वावरात गेली. सगळे जेवायला गेलेले. यंत्र गप्प. इंजिनाच्या पत्र्यावर हात ठेवला तर चटका बसत होता. आणि मागल्या बाजूला, भुसकटाच्या ढिगापाशी, दादा उकिडवे बसले होते. हातात चाळण. चाळलं की दाणे एका पोत्यात टाकायचे आणि दर वेळी मान वळवून रस्त्याकडं बघायचे. पोतं अर्धं भरलं होतं. त्यांनी त्याचं तोंड बांधलं, ते यंत्राखाली सरकवलं आणि वर ताडपत्री ओढली.

विशाखानं सायकल बांधाला टेकवली. म्हणजे खरंच? ती सिद्रामप्पाला मनातल्या मनात शिव्या देत होती, आणि तो खरं बोलत होता?

"दादा!"

दादा असे उठले की डोकं यंत्राच्या पत्र्यावर आपटलं.

"तू इथं काय करतीस?"

"तुमीच सांगा तुमी काय करताय. हे कुणाचं दाणं?"

"सारजाबाईचं. सिद्रामप्पाचं. सगळ्यांचं." दादा खाली बसले. "भुसकटाबरुबर दाणा बाहीर पडतोय, विशाखा. म्हून मी लोकांस्नी भुसकट नेऊ देत न्हाय. चाळून काढतो, निम्मंबी निघत न्हाय, पर जमलं की ज्याचं त्याला देऊन टाकीन म्हनतो."

"मग हे सांगत का न्हाईत लोकांला? चोर म्हणायलेत तुमाला!"

"म्हनू देत. चोर म्हनून आपल्याला कोन म्हनलं न्हाय आजवर? काय घावलं न्हाय की गप बसत्यात. पर मिस्त्रीला काम येत न्हाय म्हनले, तर हे यंत्र गेलं समज. मंग म्या काय करू? दुसऱ्याच्या बांधावर खुरपं घिऊन बसू?" दादांनी कपाळावरचा घाम पुसला. "चाळण्या चार डाव धुतल्या. उतार बदलून बघितला. दाणा का उडतोय तेच कळंना."

विशाखाचा विश्वास बसला का? अर्धाच. अर्धं मन म्हणत होतं, चोरानंही हेच सांगितलं असतं. म्हणून ती यंत्राला फेरी मारायला लागली, शाळेतले सर वही तपासतात तशी. चाळण्या बघितल्या. पट्टा बघितला. पंख्याच्या पुलीपाशी मात्र थांबली. खाली तीच जुनी तडकलेली पुली पडली होती. ती उचलून तिनं नव्या पुलीवर धरली. जुनी चांगली चार बोटं मोठी.

"दादा, ही पुली लहान हाय."

"मग? फिरतीया की झकास."

"झकास न्हाय, लई फिरतीया! माझ्या सायकलचं बघा. पुढलं चाक दात्यांचं मोठं, मागलं लहान, म्हणून मागलं गरागरा फिरतं. पंख्याची पुली लहान बसवली, की पंखा जोरात पळणार. वारं जास्त. दाणा भुसकटासंगं उडणार न्हाय तर काय!"

दादांचा चेहरा आखडला. "पुली म्या बसवलीया. तिच्यावरच हार पडला माझ्या गळ्यात. चाळणीचा दोष हाय, पुलीचा न्हाय. जा घरी."

इतक्यात बांधावरून माणसं आली. सोमवार कुठला? आण्णासाहेब, सिद्रामप्पा, खांद्यावर धडपं, म्हणजे जुन्या लुगड्याचा तुकडा, टाकलेली सारजाबाई आणि मागं आणखी तिघं. सावध व्हायला वेळ मिळू नये म्हणून ते दोन दिवस आधीच आले होते. सिद्रामप्पानं वाकून ताडपत्री ओढली, पोत्याचं तोंड सोडलं आणि ओंजळभर ज्वारी वर धरली.

"घ्या! बघा आण्णासाहेब. निवलेलं भुसकट!"

"मच्छिंद्रा," आण्णासाहेब थंडपणे म्हणाले, "काय सांगायचं हाय तुला?"

दादा खाली बघत राहिले. विशाखानं त्यांच्याकडं बघितलं. एक शब्द. एकच शब्द बोला, दादा. पण नाही. त्यांना चोर होऊन जायचं होतं, चुकलेला मिस्त्री होऊन नाही.

मग ती पुढं झाली. आवाज वर्गात प्रतिज्ञा म्हणताना निघतो तसाच खणखणीत निघाला.

"यंत्र चालू करा. सारजाकाकू, तुमचं धडपं घ्या आन् मागं भुसकट पडतंय तिथं धरून उभ्या राहा. दादांचा हात लागायच्या आदीच बघा काय पडतंय ते."

"पोरगी हुशारी शिकवाय लागली," कुणीतरी म्हणालं.

"माझं धडपं हाय, मी धरीन. तुझं काय जातंय?" सारजाबाई त्याच्यावरच खेकसली.

इंजिन धडधडलं. आण्णासाहेबांनी स्वतः दोन पाट्या कणसं आत ढकलली. मागं सारजाबाई तोंडाला पदर लावून उभी, भुसकट तिच्या अंगावर उडतंय, आणि धडप्यावर वाजतंय टप, टप, टप. पिवळे टपोरे दाणे. ती ओरडली, "आगं बया! हे बघा की! इथनंच चाललंय!"

यंत्र बंद झालं. सगळे धडप्यावर वाकले. आण्णासाहेबांनी चार दाणे उचलून तळहातावर घेतले.

"म्हंजे चोर न्हाय," सिद्रामप्पा शेवटी म्हणाला, जरा नाखुशीनंच. "म्हंजे मिस्त्रीलाच येत न्हाय. सोलापूरचा आणा."

विशाखाला वाटलं, आपणच दादांना खड्ड्यात लोटलं. तिनं त्यांच्याकडं बघायचं धाडसच केलं नाही. पण दादा उठले. पाना घेतला. सगळ्यांच्या देखत पट्टा उतरवला, नट सैल केले आणि हार मिळालेली ती पुली काढून आण्णासाहेबांच्या पायापाशी ठेवली.

"म्या चुकलो. वारं जास्त झालं. जुनीच पुली लोहाराकडनं तापलेलं कडं ठोकून आणतो, गाडीच्या चाकाला धाव चढवत्यात तसं. उद्या दुपारपातुर बसवीन. हे पोतं तुमचं हाय, वाटून घ्या. न्हायतर सोलापूरचा आणा."

आण्णासाहेबांनी सिद्रामप्पाकडं बघितलं, सिद्रामप्पानं आभाळाकडं.

"सोलापूरचा येस्तवर माझी कणसं पाखरं खाऊन जातील," सारजाबाई धडपं झटकत म्हणाली. "त्याला बसवू दे. पर मिस्त्री, माझं भुसकट पुन्यांदा यंत्रात घालायचं. आन् मी इथनं हलणार न्हाय."

विशाखा सायकलच्या कॅरियरला पुली बांधून लोहाराकडं गेली. रविवारी दुपारी पुली बसली, पंखा मंद घरघरला, आणि धडप्यावर पडलं ते नुसतं भुसकट. तरी त्या हंगामात मळणीला येणारा प्रत्येक जण खांद्यावर आपापलं धडपं टाकून यायचा. यंत्रामागं उभा राहायचा, कान लावून ऐकायचा. सिद्रामप्पा तर दोन आणायचा. दादांना त्याचं काही वाटेनासं झालं. उलट कुणी विसरून रिकाम्या हातानं आलं, तर ते इंजिन चालू करायचेच नाहीत.

"धडपं कुठाय?" ते विचारायचे. "जा, घिऊन या. तवर थांबतो म्या."