घरटं हलवताना

मेस्त्रींच्या धाकट्या लेकीला पहिली मुलगी झाली, त्या वर्षीची ही गोष्ट. मेस्त्रींनी मागच्या अंगणात लोखंडी सांगाडा जोडून, जाळी ठोकून पाखरांची खोली उभी केली होती. माणूस आत शिरून उभा राहील एवढी. त्यांचे थोरले भाऊ, दादा, अंथरुणाला खिळले होते. त्यांची खाट खिडकीशी होती आणि खिडकीसमोरच दादांची ती गाणारी पिवळी पाखरं, कॅनरी. दादांना हिरवं काही दिसावं म्हणून मेस्त्रींनी जावयाच्या रोपवाटिकेतून कुंड्या आणल्या, त्याच दिवशी आत मांडल्या. मादीने मधल्या झाडात घरटं केलं, पिल्लं निघाली. झाडाला कोवळे कोंब फुटले, तेही पाखरं खुडू लागली.

आणि एका सकाळी गवई त्या कुंडीत पाय वर करून पडलेला दिसला. गवई म्हणजे नर. सगळं गाणं त्याचंच.

मेस्त्रींनी तो उचलून गुपचूप खिशात टाकला.

"काय रे," खिडकीतून दादा म्हणाले, "आज गवयाचा घसा बसला का?"

"पिसं गाळतोय, दादा. थोडे दिवस गप्पच राहायचा."

"पिल्लं घरट्यात असताना पिसं गाळतो होय? मला शिकव आता." दादांना धाप लागली. "खिशात काय आहे?"

 मेस्त्रींनी खिसा रिकामा केला. दादांनी पाखराकडे पाहिलं, मग झाडाकडे. "जावयाला फोन लाव."

जावई पलीकडून ओरडलाच. "मामा, आणल्या आणल्या आत ठेवू नका म्हणून घसा कोरडा केला होता मी! माती बदलायची, मग कुंड्या बरेच दिवस बाहेर ठेवायच्या. आमच्याकडे किडीचं औषध मातीतच घालतात."

"अरे, पाइप लावून पान न् पान धुतलं मी."

"ते मुळातून वर चढतं, मामा. कोंबात उतरतं. वरून धुऊन काय होणार?"

मेस्त्रींनी फोन ठेवला. जन्मभर लोखंड हाताळलेला माणूस. गंज घासला की गेला, एवढंच त्यांना ठाऊक. समोर मादी घरट्याच्या काठावर बसून एक कोंब ओढत होती. आता तो पिल्लांच्या चोचीत जाणार.

"झाड काढ," दादा म्हणाले.

"घरटं हलवलं तर ती पिल्लं टाकेल."

"नाही हलवलंस तर सगळीच जातील. वाटी आण, तारेने सांगाड्याला बांध. आत्ता आहे त्याच उंचीवर, त्याच जागी. बोटभरही इकडेतिकडे नको."

मेस्त्री आत शिरले. मादी जाळीवर जाऊन आपटली. वितळल्या लोखंडापुढे वावरलेले हात त्या मूठभर गवताखाली अलगद सरकले. घरटं वाटीत उतरलं. आत नुसती उघडी तोंडं. मग त्यांनी एकेक करून सगळ्या कुंड्या बाहेर ओढल्या आणि दार लावून खिडकीखाली बसले.

मादी आली ती झाड होतं त्या पोकळीत. भिरभिरली, परत जाळीवर गेली. पुन्हा आली, पुन्हा गेली. वाटीकडे ढुंकून बघेना. पिल्लांचा आवाज बारीक होत चालला.

"अहो, चहाचं पाणी झालं," आतून मेस्त्रींची बायको म्हणाली.

"गप्प बस गं!" दोघे भाऊ एकदम म्हणाले.

"दादा, मी घातलं सगळं मातीत," मेस्त्री पुटपुटले.

"रडायला पुढे वेळ आहे. मान खाली घाल, तुझ्या टकलाला घाबरतेय ती."

मेस्त्रींनी मान खाली घातली. बराच वेळ त्यांना फक्त स्वतःच्या चपला दिसत होत्या. मग दादांचा हात खिडकीच्या गजातून बाहेर आला आणि त्यांच्या खांद्यात रुतला. वाटीच्या काठावर मादी बसली होती. तिने दाण्याच्या भांड्याकडे झेप घेतली, परतली आणि पहिल्या चोचीत घास सोडला.

गवयाच्या वाटचं कामही तिनेच ओढलं. एक पिल्लू दुसऱ्या दिवशी गेलं, बाकीची वाढली. दादा गेले ते त्याच वर्षी, पिल्लं आपलं आपण दाणे फोडायला लागली त्या आठवड्यात, रविवारी सकाळी.