उसनी मांडणी

भटू पहाटेपासून भांडी घासत होता. अकरा वाजता बालगृहाच्या पुनम मॅडम घर बघायला येणार होत्या. त्यांनी बरं लिहिलं तर त्याची सहा वर्षांची मयुरी शनिवारी घरी येणार. वाईट लिहिलं तर पुन्हा सहा महिने लांबणीवर. तोवर पोर बापाला ओळखेल की काका म्हणेल, हाच विचार त्याला सोडत नव्हता.

चूक त्याचीच होती, ते तो नाकारत नव्हता. गेल्या वर्षी त्याची बायको मोहिनी काविळीनं गेली आणि भटूनं अंथरूण धरलं. आधी काम सुटलं, मग घरातलं एकेक भांडं भंगारात गेलं, मग बाटली आली. एका दुपारी मयुरी धुळ्याच्या बसस्टँडवर एकटी, भुकेली सापडली. तिला बालगृहात नेलं तेव्हा बाप भिंतीकडे तोंड करून पडला होता.

त्याला उठवलं ते वस्तीतल्या संस्थेच्या केंद्रानं. तिथल्या लोकांनी दर मंगळवारी समोर बसवून बोलतं केलं, दारू सोडवली, पाण्याच्या जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळायला, म्हणजे रिवाइंड करायला शिकवलं आणि एका वर्कशॉपात चिकटवून दिलं. आता तो आपल्या कष्टाचं खात होता. पण मुलीचा ताबा परत मागताना बालकल्याण समितीनं विचारलं, "तुम्ही कामावर असताना मुलीजवळ कोण?" तेव्हा हा गडी ताठ मानेनं म्हणाला, "मला कोणाची गरज नाही. माझं मी बघेन." गरज आहे म्हटलं तर दुबळा ठरू, अशी त्याला भीती. फॉर्मवरचा तो रकाना कोराच राहिला.

आदल्या संध्याकाळी शेजारच्या पुष्पाबाईनं दारातून त्याच्या मांडणीकडे पाहिलं. दोन ताटल्या आणि एक तवा.

"तुनं घर बठ्ठं रिकामं शे, भटू. मॅडमले काय दखाडशी?"

तासाभरात तिचे डबे आले, समोरच्या नसीमभाभीची परात आली, कोपऱ्यावरच्या कुंदाबाईची कळशी आली. बुडत्याला काडीचा आधार. भटूनं राख लावली, लिंबू लावलं, सगळं लखलखीत केलं.

मॅडम बरोबर अकराला आल्या. त्यांनी अंथरूण पाहिलं, गॅस पाहिला, न्हाणीघराची कडी लावून पाहिली. भटू मागे मागे फिरत होता. मग त्या मांडणीसमोर थांबल्या.

भांड्यांवर नावं कोरलेली असतात हे बायांना कळत्या वयापासून ठाऊक. पुरुष त्याच ताटात जन्मभर जेवतो, पण नाव वाचत नाही. आणि भटूनं तर घासून घासून अक्षर न् अक्षर उजळून ठेवलं होतं.

मॅडमनी डबा उचलला. "सौ. पुष्पाबाई प्रेमराज पाटील." मग परात वाकडी केली. "नसीम को मामू की तरफ से." मग कळशी. "कै. पुना आबांच्या स्मरणार्थ, कुंदाबाई." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "गोतावळा मोठा दिसतो तुमचा, भटूभाऊ."

भटूची पाचावर धारण बसली. शनिवार गेला. खोटारडा बाप, असं लिहिणार आता. जुन्या बाजारातून घेतली म्हणावं, असं जिभेवर आलं होतं, पण जीभच उचलेना.

"उसनी आणली, मॅडम," तो शेवटी म्हणाला. "घर भरलेलं दिसावं म्हणून. माझ्या त्या दोन ताटल्या आणि तवा."

"बस? अजून काहीच नाही?"

तो घुटमळला. मग देवाच्या फोटोमागून त्यानं एक लहानशी वाटी काढली. वाटीला पोचा होता. त्यावर 'चि. मयुरी' एवढंच.

"ही का नाही मांडली?"

"लाज वाटली. ही विकायलाही मी तीनदा गेलो होतो. दर वेळी भंगारवाल्याच्या दारातून परतलो."

मॅडम दाराकडे वळल्या. दाराआड तीन बाया कान लावून उभ्या होत्याच. मॅडमनी हाक दिली, "पुष्पाबाई कोण?"

"मीच शे." ती पदर सावरत आत आली.

"हे कामावर असताना पोरीकडे कोण बघेल?"

"आम्हीच. डबा दिधा, तं पोरले खावाले नही देसूत का?"

मॅडमनी फाइल उघडली आणि तो कोरा रकाना भांड्यांवरून बघून बघून भरला. तीन नावं. "भटूभाऊ, भांडी उसनी आणलीत त्याचं काही नाही," त्या म्हणाल्या. "खोटं तुम्ही समितीपुढे बोललात. गरज नाही म्हणून. मी चांगलं लिहितेय. शनिवारी दहाला या."

भटूनं हात जोडले. पण एक धास्ती उरलीच होती. मॅडम चपला घालत असताना त्यानं कसंबसं विचारलं, "मॅडम, ती मला ओळखेल ना?"

"येताना ती वाटी घेऊन या," मॅडम म्हणाल्या. "आमच्याकडे रोज जेवताना तिचं एकच रडगाणं असतं. ही माझी वाटी नाही, माझी बाबांकडे आहे."