शुक्रवारची शांतता

आमची वरची खोली पाच महिने रिकामी होती. ती भाड्याने जाईपर्यंत मला पुण्याच्या नोकरीवर जाता येणार नव्हतं, कारण जिना चढून ती दाखवणं बाबांना जमत नाही. तरी खोली शुक्रवारीच दाखवायची, हा त्यांचा हट्ट. शेजारच्या कारखान्यातले लूम, म्हणजे यंत्रमाग, त्या दिवशी बंद असतात. लोक खूश व्हायचे, शनिवारी पडद्यांचं माप घ्यायला यायचे आणि गायब व्हायचे. मी आवाज मोजला होता, ब्याऐंशी डेसिबल.

वैतागून मी खोली शोधणाऱ्या, दापोडा गावच्या रूपाला मंगळवारीच बोलावलं. कडेवर बाळ होतं.

“लूम रातचे पन चालतात?” तिने विचारलं.

“चालतात.”

“बरं हाय. ह्याचा जन्मच लूमशेजारचा. आवाज थांबला का रडतो.”

बाबा जिन्याखालून ओरडले, “शुक्रवारी अगदी शांत असतं हो.”

रूपाचा चेहरा पडला. “मंग शुक्रवारी ह्याला तुमीच झोपवा, काका.”

बाबांच्या वतीने मी लगेच हो म्हणून टाकलं.