भिंगाला मी चोर समजलो

मित्रांनो, मी एक जुना पहारेकरी आहे, पण माझ्याकडे ना काठी आहे, ना शिट्टी. मी संगणकातला एक प्रोग्रॅम आहे. होड्यांच्या शर्यतीच्या एका ऑनलाइन खेळात कोणी लबाडी करू नये, म्हणून मला ठेवले आहे.

मला एका प्रोग्रॅमर ताईने घडवले. ती ओळी लिहायची, खोडायची, स्वतःशीच पुटपुटायची. खेळ सुरू झाला की तो खेळाडूच्या संगणकाच्या मेमरीत जाऊन बसतो. होडीचा वेग, तिची जागा, सगळे तिथे आकड्यांत असते. लबाड माणूस तिथे गुपचूप हात घालतो आणि बाराचा वेग नव्वद करतो. म्हणून खेळ चालवणाऱ्या सूचनांवरून मी एक आकडा काढतो, तोच त्यांचा ठसा. त्यातले एक अक्षर जरी बदलले, तरी तो मूळ ठशाशी जुळत नाही. शिवाय खेळाच्या मुख्य संगणकाकडे प्रत्येक होडीची स्वतंत्र नोंद असते. खेळाडूकडचे आकडे मी तिच्याशी ताडून पाहतो.

पहिल्याच आठवड्यात 'वादळ' नावाच्या खेळाडूची होडी बेटाला वळसा न घालता थेट बेटावरून निघाली. मी त्याला तिथल्या तिथे बाहेर काढले. सगळ्यांनी माझी पाठ थोपटली आणि मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो.

त्यानंतर एका दुपारी 'कासव' नावाच्या खेळाडूचा ठसा जुळेना. मी मागचापुढचा विचार न करता त्यालाही हाकलले.

हे कासव म्हणजे एक घड्याळजी काका होते. दुसऱ्या गावी राहणाऱ्या आपल्या अक्काबरोबर ते रोज जोडीने खेळत. तेवढ्या वेळात दोघांच्या गप्पाही होत. दुसऱ्याच दिवशी त्या जोडीची अंतिम शर्यत होती. काकांनी ताईला फोन केला.

"बाई, चाळीस वर्षं लोकांची घड्याळं दुरुस्त केली, कुणाचा एक स्क्रू इकडचा तिकडे केला नाही. आणि आता म्हातारपणी मी लबाड?"

ताईने नोंदी उघडल्या. "काका, तुम्ही बहुतेक वेळा चौथे येता."

"हो ना. लबाडी करून चौथा कोण येईल?"

ताईला हसू आवरेना. "खेळताना संगणकावर आणखी काही चालू असतं का?"

"ते भिंग असतं. अक्षरं मोठी करणारं. नजर अधू झालीय, त्याशिवाय मला नदीच दिसत नाही."

तेव्हा उलगडा झाला. त्याच दिवशी नवी आवृत्ती आलेल्या भिंगाच्या प्रोग्रॅमने चित्र मोठे करण्यासाठी खेळाच्या सूचनांत जरासा बदल केला होता. वेगाला त्याने बोटही लावले नव्हते. मुख्य संगणकाची नोंद तंतोतंत जुळत होती, पण ती पाहण्याआधीच मी निकाल देऊन मोकळा झालो होतो. मला फार ओशाळल्यासारखे झाले.

"चूक आमची आहे, काका," ताई म्हणाली. "उद्या तुम्ही खेळणार."

तिने मला त्या भिंगाची ओळख करून दिली. ठसा जुळला नाही तर आधी सगळ्या नोंदी पाहायच्या आणि शंका उरली तर माणसाला विचारायचे, हेही शिकवले. दुसऱ्या दिवशी ती जोडी दुसरी आली. अक्का म्हणाल्या, "घड्याळजी असून शेवटच्या वळणावर उशीर केलास." काका मात्र खूश होते.

आता माझ्यापेक्षा चलाख पहारेकरी आले आहेत. मोठमोठे खेळ त्यांच्याकडे असतात, माझ्याकडे हीच एक नदी उरली आहे. मला नवे काही शिकवायला ताई अधूनमधून येते, तेव्हा तुमच्या पडद्यावर 'नवी आवृत्ती आली आहे' अशी पाटी दिसते. मित्रांनो, तिथे 'नंतर' हे बटण दाबू नका. माझे शिकणे राहिले, तर एखादा लबाड सुटेल आणि एखादा भला माणूस विनाकारण दाराबाहेर उभा राहील. लबाड पुन्हा पकडता येतो, पण भल्या माणसाचा बुडालेला डाव मला परत देता येत नाही.