दोर धरा

“तीन,” डॉक्टर म्हणाले. “मेंदूत रक्तस्राव झाला की आम्ही गुण लावतो. गुण जितके जास्त तितकी आशा कमी. यांचे तीन आहेत. आता कोल्हापूरला हलवून काही साधेल, असं मला वाटत नाही.”

मुंबईहून सकाळीच आलेल्या ओमकारने मान खाली घातली. त्याच्या आईने, तुळसाने, नाही घातली.

“मोहर बघून बाग घेनारे व्यापारीबी असंच बोलतात. यंदा काय नाय म्हनून. मग आमी पेट्या भरून दमतो.”

“आये, गप बस गो.”

“तू गप बस. घोव माजा हाय.”

तिचा नवरा रावजी पावस गावच्या बागांत आंबे उतरवणारा. रक्तदाब दहा वर्षं जुना, पण गोळी घ्यायचा ती सणावारी. काल दुपारी अंगणात कोसळला. आता डोळे उघडे होते, तोंडाने भलतंच पुटपुटत होता.

“सांगितलेलं त्यांना कळत नाही, तीनातला एक गुण त्याचाच. हे बघा.” डॉक्टरांनी त्याच्या उजव्या हातात दोन बोटं दिली. “काका, बोटं दाबा. काका!”

रावजी ढिम्म.

तुळसाला रागच आला. या माणसाला जन्मात कोणी बोटं दाबायला सांगितलं नव्हतं. तीस हंगाम तो आंब्याच्या कलमावर आणि ती खाली. तो दोराने टोपली सोडणार आणि ती खालून ओरडणार. त्याला हुकूम माहीत होते ते एवढेच.

“अवो, दोर धरा!” ती ओरडली. अख्खा वॉर्ड वळून बघू लागला.

रावजीची बोटं मिटली.

“मूठ आपोआपही मिटते,” डॉक्टर म्हणाले. “सांगितल्यावर सुटली तर खरं. काका, सोडा.”

मूठ सुटेना. टोपली भुईला लागल्याशिवाय दोर सोडणारा तो गडी नव्हता.

“आली! सोडा!”

बोटं उघडली. डॉक्टरांनी पुन्हा तेच करायला लावलं. दोन्ही वेळा मूठ मिटली, सुटली. त्यांनी कागदावरचा तीन खोडून दोन केला आणि कोल्हापूरची चिठ्ठी लिहायला घेतली.

“दोन म्हणजे नक्की वाचतील, असं नव्हे.”

“मी कुठं इचारलं?” तुळसा म्हणाली.

ॲम्ब्युलन्समध्ये तिने आपला हात त्याच्या हातात दिला. “दोर धरा.” त्याने धरला. हातखंबा मागे पडला, घाट सुरू झाला, तिच्या बोटांना मुंग्या आल्या. ओमकार म्हणाला, “आये, हात सोडव जरा.”

तिने सोडवला नाही. ‘आली’ म्हणायचंच नाही, असं तिने ठरवून टाकलं होतं.